काचेपलीकडचा हट्ट

मुलांचे हट्ट हा डॉक्टरबाईंच्या अभ्यासाचा विषय होता. गडाबडा लोळणारी, चावणारी, हाताला लागेल ते भिरकावणारी मुलं इतरांना नकोशी होत. डॉक्टरबाईंना ती हवीहवीशी वाटत. बरोबरच्या मैत्रिणींनी दवाखाने थाटले, बंगले बांधले. डॉक्टरबाईंच्या वाट्याला संस्थेतली एक खोली, तिच्या भिंतीत एक मोठी काच आणि नवऱ्याचा ठरलेला प्रश्न आला : "हे संशोधन संपणार कधी?"

आज ते संपायचीच वेळ आली होती. प्रकल्पाला मुदतवाढ द्यायची की खोली भांडार विभागाला द्यायची, हे ठरवायला समिती आली होती. समिती म्हणजे अध्यक्ष आणि लेखाधिकारी. त्यांना काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. तिथून मुलांची खोली स्वच्छ दिसे. मुलांना मात्र काचेच्या जागी आरसा दिसे. मागचा दिवा बंद असेल तरच, हे सांगायचं डॉक्टरबाईंच्या डोक्यातून निघून गेलं.

समितीला दाखवायला 'तोफ' आली होती. ही मुलगी प्रथम आली तेव्हा तिने पडदा दांडीसकट खाली ओढला होता. डॉक्टरबाईंची सगळी पद्धत तिच्यावरच घडली : हट्टाकडे पाठ फिरवायची, मूल शांत झालं की त्याला कागदी चांदणी चिकटवायची, आणि काही झालं तरी हट्टापुढे नमायचं नाही. तोफेने आधी हट्ट करावा आणि मग पद्धतीने तो उतरावा, असा बेत होता.

"आई, तो ट्रक दे ना."

"नाही मिळणार," आई ठरल्याप्रमाणे म्हणाली.

"बरं," म्हणून तोफ चित्र रंगवायला लागली.

डॉक्टरबाई पटकन आईजवळ सरकल्या. मुलगी बरी झाली होती, आणि तीही नेमकी आजच्या मुहूर्तावर. "खडू काढून घ्या," त्या आईच्या कानात कुजबुजल्या. आईने खडू काढून घेतले. तोफ हाताची घडी घालून बसली.

"चिमटा काढू का?" आईने हळूच विचारलं.

पलीकडे वेगळाच पेच होता. काचेसमोर खुर्ची एकच होती, दुसरी खांबाआड. अध्यक्ष समोरची पटकावून बसले होते.

"साहेब, आता जरा मी बसतो."

"थांबा हो, आत्ता कुठे रंगात येतंय."

खरं तर काहीच रंगात येत नव्हतं. लेखाधिकाऱ्यांनी खुर्चीची पाठ धरली, अध्यक्षांनी खुर्चीचे हात. ओढाताणीत अध्यक्षांचा चष्मा पडला, आणि तो शोधायला लेखाधिकाऱ्यांनी दिवा लावला.

मुलांच्या खोलीतला आरसा नाहीसा झाला. त्या जागी पिकल्या केसांची दोन माणसं एका खुर्चीला झोंबताना दिसू लागली.

"मी आधी बसलो होतो," काचेतूनही ऐकू आलं.

"म्हणून काय जन्मभर बसणार?"

डॉक्टरबाई धावत निघाल्या, तोच तोफेने त्यांची बाही धरली. "बघू नकोस, मावशी. बघितलं की वाढतं."

ती पाठ करून बसली. आईही सवयीने वळली. डॉक्टरबाईंनी आपल्या प्रकल्पावर मनातल्या मनात पाणी सोडलं आणि त्याही वळल्या. समोर तीन पाठी बघून समितीला काहीतरी वाटलं असावं, कारण आवाज उतरत उतरत बंद झाला.

तोफेने मान वळवून पाहिलं. अध्यक्ष मुकाट्याने खांबाआडच्या खुर्चीत जाऊन बसले होते. ती पलीकडे गेली, मागोमाग आई आणि डॉक्टरबाईही. अध्यक्षांच्या कोटावर एक चांदणी चिकटवून ती म्हणाली, "छान बसलात हं."

अध्यक्षांनी चांदणी कोटावर नीट दाबून बसवली. मग त्यांनी मुदतवाढीच्या कागदावर सही केली. "पद्धत लागू पडते," एवढंच म्हणून त्यांनी कागद लेखाधिकाऱ्यांकडे सरकवला.

लेखाधिकाऱ्यांनी पेन खिशात ठेवलं. "मॅडम, गप्प आधी मी झालो होतो."

"असेल. मग?"

"मग चांदणी यांनाच का? मी नाही सही करणार."

"मागून मिळत नसते," तोफ म्हणाली.

"मग राहू दे." त्यांनी कागद लोटून दिला आणि तोंड फिरवलं.

भांडार विभागाची कपाटं दाराबाहेर येऊन थांबली होती. इतकी वर्षं डॉक्टरबाई येईल त्या आईला एकच गोष्ट करू नका म्हणून बजावत आल्या होत्या. ती त्यांनी केली. लेखाधिकाऱ्यांच्या खिशावर चांदणी लागली, सही झाली.

तोफ आईचा हात धरून निघाली. दारात थांबून तिने डॉक्टरबाईंकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"आता ते दर वेळी असंच करतील," ती म्हणाली.