ऑर्लन लोफलरची एकसष्टावी हरिणी

वन्यजीव खात्याच्या बाई साडेनवाला मोजणीला येणार होत्या, आणि सव्वासातला ऑर्लन लोफलर आपली हरणं चौथ्यांदा मोजत होता. चौथ्यांदाही साठच भरली. कागदावर एकसष्ट होती.

"कितीदाही मोज," कुंपणापलीकडून त्याची बायको नेल्डा म्हणाली. "बिस्किट गेलीय. एकोणीस दिवस झाले."

"हळू बोल!"

"का? हरणं ऐकतील?"

बिस्किट म्हणजे चौतीस नंबरची हरिणी. तिची आई मेल्यावर नेल्डानं तिला स्वयंपाकघरात खोक्यात ठेवून, बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती पळाली ती ऑर्लनच्या भाषणापायी. टेक्सासातल्या सगळ्या हरीणपाळांच्या वतीनं राजधानी ऑस्टिनला जाऊन खात्यापुढे बोलायचा मान त्याला मिळाला होता. त्या पहाटे दाणा घालता घालता तो हरणांसमोरच सराव करत होता. "जन्मलं की कागद, विकलं की कागद, मेलं की कागद, आणि पळालं तर चार पानं! आम्ही काय चोर आहोत? एक पान द्या, आणि आमच्या शब्दावर विश्वास ठेवा!" शेवटच्या वाक्याला हात उंचावून तो जो तडक निघाला, तो फाटकाची कडी न लावताच.

भाषण मात्र झकास झालं. टाळ्या पडल्या. एका पानाचा प्रयोग करून बघू, आणि पहिला तुमच्याच हरणांवर, असं तिथल्या तिथे ठरलं.

पळालेलं हरीण एका दिवसात कळवायचं असतं. पहिल्या दिवशी ऑर्लनला वाटलं, भूक लागली की येईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल का नाही कळवलं म्हणून विचारतील. मग लाज रोज एकेक दिवसानं मोठी होत गेली. नेल्डा संध्याकाळी दाण्याचा डबा खुळखुळवत कुंपणाच्या कडेनं हाका मारत फिरे, आणि परत येऊन भांडी घाशी. आता एक हरीण कमी भरलं तर विक्री बंद, शिवाय सगळ्यांचंच एक पान बुडणार. आणि ते बुडवणार कोण, तर शब्दावर विश्वास ठेवा म्हणणारा!

"सरळ सांगून टाक बाईंना," नेल्डा म्हणाली.

पण ऑर्लनला कल्पना सुचली होती. नेल्डाच्या अनुभवात याहून वाईट बातमी नसे. आवारं तीन, एका ओळीत. मागून हरणं न्यायची अरुंद बोळ. बाई दुसऱ्या आवारात मोजत असताना नेल्डानं पहिल्यातली सतरा नंबरची हरिणी बोळीतून तिसऱ्यात हाकलायची.

"मी? दर रविवारी चर्चमध्ये मुलांना देवाच्या दहा आज्ञा शिकवते मी!"

"एकच हरीण आहे, नेल्डा."

"आणि मोडायची आज्ञाही एकच, नाही का?"

साडेनवाला खात्याच्या मिस अबरेगो आल्या. बुटक्या, चष्मा, कानामागे पेन्सिल. कडक असत्या तर सोपं गेलं असतं, पण बाई भलत्याच चांगल्या निघाल्या. नेल्डानं केलेला पीचचा केक दोनदा घेतला. "तुमचं भाषण मी माझ्या आईला ऐकवलं, मिस्टर लोफलर," त्या म्हणाल्या. "म्हणाली, असा सरळ माणूस हल्ली दिसत नाही."

ऑर्लननं उगाचच टोपी काढून परत घातली.

पहिलं आवार झालं. दुसऱ्यात शिरल्यावर बोळीतला खुरांचा आवाज झाकायला ऑर्लन मोठमोठ्यानं बोलू लागला. आधी पावसाबद्दल, मग गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल, आणि विषय संपल्यावर पुन्हा त्याच गुडघ्याबद्दल. तिसरंही आवार झालं. बाईंनी बेरीज केली.

"बासष्ट."

"एकसष्ट, मॅडम."

"बासष्ट."

ऑर्लननं बोळीकडे नजर टाकली. सतरा नंबरला हाकललं, तर मागोमाग तिची गेल्या वर्षीची लेक, अठ्ठेचाळीस नंबर, हीसुद्धा निघाली असणार. आई चालली म्हटल्यावर लेक थोडीच मागे राहते! एक हरीण कमी म्हणजे निष्काळजीपणा. पण एक जास्त म्हणजे रानातलं हरीण चोरून आत घातलं.

"एखादं... पाहुणं आलं असेल, मॅडम. उडी मारून."

"आठ फुटी कुंपणावरून?"

"फार उत्साही असतात."

"आणि तुमचाच बिल्ला कानात अडकवून?" बाईंनी वही पुढे केली. "सतरा नंबर पहिल्या आवारात. सतरा नंबर तिसऱ्या आवारात. अठ्ठेचाळीसचंही तेच."

तेवढ्यात बोळीतून नेल्डा बाहेर आली. केसांत गवत, पायात एकच बूट. "मी हाकललं, मॅडम. अक्कल याची, पाय माझे."

मग ऑर्लननं सगळं सांगितलं. कडी, भाषण, एकोणीस दिवस. सांगताना तो नेल्डाच्या बूट नसलेल्या पायाकडे बघत राहिला. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पळाल्याचा कागद भरा," एवढंच त्या म्हणाल्या.

"चारही पानं भरतो, मॅडम."

"कुठली चार?"

बाईंनी गाडीतून कागद आणून दिला. एकच पान. त्यावर सहा ओळी: नाव, नंबर, दिवस, ठिकाण, कसं पळालं, सही.

"हा आधीपासूनच एका पानाचा आहे. तुम्ही कधी पाहिला नव्हतात?"

नव्हता. चार पानं असतात हे त्यानं दाण्याच्या दुकानात ऐकलं होतं, आणि साऱ्या ऑस्टिनला ऐकवलं होतं. कागद भरायला नऊ मिनिटं लागली. त्यातली आठ 'कसं पळालं' या ओळीवर गेली.

विक्री महिनाभर बंद राहिली. बिस्किट आली नाही. नोव्हेंबरात सगळ्या नोंदींचा नवा कागद मात्र आला, खरोखर एका पानाचा. चर्चच्या सभागृहात हरीणपाळांची सभा भरली, आणि सचिव म्हणून तो कागद मोठ्यानं वाचायचं काम ऑर्लनकडेच आलं. ओळीओळीला माना डोलत होत्या. शेवटची ओळ आली.

"'मोजणी चालू असताना एकही हरीण एका आवारातून दुसऱ्यात नेलेलं नाही. खरं की खोटं?'"

"हे काय नवीन खूळ?" कुणीतरी ओरडलं. "असं कोण करतं?"

सभागृह हसलं. ऑर्लनलाही हसता आलं असतं. मागच्या रांगेत नेल्डा केक कापता कापता थांबली होती.

"मी करतो," ऑर्लन म्हणाला. "म्हणजे, केलं. ही ओळ माझ्यामुळे आलीय." आणि त्यानं सगळं सांगितलं, चार पानांसकट.

कुणीच हसलं नाही. जो तो आपापल्या टोपीची आतली बाजू तपासत होता. शेवटी अल्फन्स बोडे उठला. वय एक्क्याऐंशी, तीस वर्षं चर्चचं दानाचं ताट फिरवणारा, ज्याचं नाव घेऊन आया पोरांना खरं बोलायला लावत.

"ऑर्लन, बाळा," त्यानं घसा खाकरला. "ही ओळ यंदापासूनचीच ना? मागच्या वर्षांचं तर नाही ना विचारत?"

खुर्च्या करकरल्या. उत्तर ऐकायला सगळं सभागृह पुढे झुकलं होतं.