समीक्षकाच्या घरचा चहा

एर्मेकने ठरवलं, आज त्या सांजरचं थोबाड फोडायचंच. (आजवर त्याने फोडले होते ते फक्त अक्रोड, आणि तेही दाराच्या फटीत धरून.)

राग येणार नाही तर काय! 'चौथा मजला' या त्याच्या रॉक बँडचा पहिलावहिला अल्बम आला आणि या कालच्या पोराने वेबसाइटवर लिहिलं, "हा अल्बम ऐकण्यापेक्षा लिफ्टमध्ये अडकलेलं बरं. तिथे निदान कोणीतरी सोडवायला येतं." अख्ख्या बिश्केकने ते वाचलं. सासरच्यांनी तर मोठ्याने वाचलं.

"झालं समाधान?" त्याची बायको बुरुल कडाडली. "माझ्या आईने लग्नात दिलेल्या रजया भिंतीला ठोकल्यास! आवाज घुमू नये म्हणे! अख्खा हिवाळा कोट घालून झोपले मी. कशासाठी? लिफ्टसाठी?"

"गाढव आहे तो! संगीतातलं काय कळतं त्याला?"

"मग त्याच्याकडून लिहून आण, चुकलो म्हणून. नाहीतर उद्या रजया खाली, बँड बंद, आणि तुझी गिटार बाल्कनीत बटाट्याच्या पोत्यावर!"

पत्ता मिळायला वेळ लागला नाही. बिश्केकमध्ये प्रत्येक जण कुणाचा तरी मावसभाऊ असतोच. एर्मेक शिव्या पाठ करत, तणतणत पोचला. दार सांजरच्या आईने उघडलं.

"कुठंय तो?"

"येईल एवढ्यात. आत ये, बाळा."

"मी बसायला नाही आलो, आपा! भांडायला आलोय!"

"भांड की. पण आधी नानचा तुकडा मोड. दारातला माणूस तसाच परत गेला तर लोक काय म्हणतील मला?"

आता आली का पंचाईत! नान नाकारावा, तर स्वतःच्या सात पिढ्यांचा उद्धार. खावा, तर ज्या घरचं अन्न खाल्लं तिथे हात कसा उगारायचा? एर्मेकने रागारागाने तुकडा तोंडात कोंबला. (नान गरम होता, याचाही त्याला राग आला.) मग लोणी आलं, जर्दाळूचा मुरंबा आला, चहा आला. आपा दर वेळी वाटीत जेमतेम अर्धा चहा ओतायची, म्हणजे बस निवांत. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे निघा आता, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. एर्मेक धुमसत होता आणि खात होता.

तेवढ्यात सांजर आला आणि दारातच थिजला. "एर्मेकदादा, तुम्ही?"

"हो, मीच! लिफ्टमधून सुटून आलोय! लिहून दे, चुकलो म्हणून!"

"दादा, मला वाटलं ते मी लिहिलं."

"तुला वाटलं? इथे माझा संसार भिंतीवरून खाली येतोय, आणि तुला वाटलं?"

"ओरडू नका रे!" आपा म्हणाली. "पाहुण्याने गायचं असतंच आपल्यात. गा, बाळा. कोण चुकलं ते मी सांगते. आणि हा चुकला असेल, तर माझ्यासमोर बसून लिहून देईल."

एर्मेकला आणखी काय हवं होतं? (आयांना त्याचा आवाज आवडायचाच. म्हणजे, त्याच्या आईला आवडायचा.) त्याने अल्बममधलं सगळ्यात संतापी गाणं धरलं, डोळे मिटून, मान झटकून, शेवटच्या लांबलचक किंकाळीसकट. कपाटातल्या वाट्या थरथरल्या.

डोळे उघडून त्याने आपाकडे पाहिलं. तिने किटली उचलली आणि त्याची वाटी काठोकाठ भरली.

सांजर कळवळला. "आई, अगं, एवढं वाईट तर मीसुद्धा लिहिलं नव्हतं!"