वर्गाची सरासरी

विद्यापीठ लहान असलं तरी चालतं. नियमावली लहान असून भागत नाही. हे ओळखूनच आमच्या संस्थापकांनी पाया खणण्याआधी एका थोरल्या विद्यापीठाची नियमावली मिळवली, मुखपृष्ठावरचं नाव बदललं आणि मग विटा मागवल्या. त्या थोरल्या विद्यापीठात चाळीस हजार विद्यार्थी होते. आमच्याकडे तीनशे बारा आहेत (सोडून गेलेले धरून). नकाशाशास्त्र विभागात, जिथे मी लिपिक आहे, एक आहे.

खोटं लिहायचं नाही हा माझा रोजचा नेम असल्यामुळे पुढचे सगळे आकडे दप्तरातून घेतले आहेत.

या एका मुलीला शिकवायला चार प्राध्यापक आहेत. एका शिक्षकामागे पाव विद्यार्थी हे प्रमाण फार थोड्यांच्या नशिबी येतं, म्हणून माहितीपत्रकात ते ठळक छापलं आहे. वर्गाच्या छायाचित्रात ती पाच बाकांवर बसलेली दिसते (स्वेटर वेगवेगळे). एकदा तिला सर्दी झाली, तेव्हा विभागाची हजेरी शंभर टक्क्यांवरून थेट शून्यावर आली आणि विद्यार्थ्यांच्या सामूहिक गैरहजेरीची कारणं शोधायला समिती बसली. समितीने तिला काढा सुचवला.

ती वर्गात पहिली असते, म्हणून तिचं नाव फलकावर लागतं. ती शेवटचीही असते, म्हणून मागे पडणाऱ्यांसाठीचे जादा तास तिला सक्तीचे आहेत. गटचर्चेत तिला दहापैकी सहा गुण मिळाले. 'स्वतःचं म्हणणं ठामपणे मांडते, पण इतरांना बोलायची संधी देत नाही,' असा शेरा आहे. हुशार विद्यार्थ्याने दुबळ्या विद्यार्थ्याला मदत करावी या योजनेत तिची जोडी तिच्याशीच लावली आहे. दोघींचं बरं जमतं.

हे सगळं कौतुकाचंच होतं. अडचण आली ती पदवीच्या वेळी.

नियम एकशे चौदा असं सांगतो, की अंतिम परीक्षेत वर्गाच्या सरासरीपेक्षा जास्त गुण मिळवणारा विद्यार्थी उत्तीर्ण समजावा. पहिल्या खेपेला मुलीला चौसष्ट गुण पडले. वर्गाची सरासरीही चौसष्ट निघाली. ती जिद्दीची. दुसऱ्या खेपेला तिने रात्रीचा दिवस करून एक्याण्णव मिळवले. सरासरी एक्याण्णववर गेली. तिच्यामुळे वर्गाचा दर्जा उंचावला, याबद्दल तिला अभिनंदनाचं पत्र दिलं. त्याच पाकिटात नापासाची गुणपत्रिका होती (पाकिटांची बचत).

"ताई," ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "यंदा शंभर पडले तर?"

"तर सरासरी शंभर होईल गं."

"आणि पेपर कोराच दिला तर?"

"शून्य. तुलाही आणि वर्गालाही."

"म्हणजे मी मेल्याशिवाय सुटका नाही!"

"असं अभद्र बोलू नये," मी म्हटलं. "शिवाय शून्याने भागता येत नाही. निकाल राखून ठेवावा लागेल."

एवढ्यात तिला नोकरी चालून आली. जमीन मोजणीच्या कचेरीत, नकाशे काढायची. चाचणीत तिने आखलेला नकाशा पाहून तिथल्या साहेबांनी जागेवरच पत्र दिलं होतं. अट एकच: तीस तारखेच्या आत पदवीचं प्रमाणपत्र. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार.

तेव्हा तिची आई आली. बाई शिवणकाम करतात. गळ्यात टेप तसाच लटकत होता. विभागप्रमुखांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियम वाचून दाखवला.

"साहेब, मी अडाणी," आई म्हणाली. "पण शर्यतीत एकटीच पोर धावली, तर पहिली तीच ना?"

"पहिली आहेच हो! फलकावर लावलंय आम्ही. प्रश्न आहे, ती कोणाच्या पुढे आहे का."

"मागे तरी कोण आहे तिच्या?"

"तेच तर! आमचेही हात तिथेच बांधलेत."

आईने टेपकडे पाहिलं, मग विभागप्रमुखांच्या गळ्याकडे. मी लगबगीने चहा मागवला.

आमची मंडळी मनाने वाईट नाहीत. चौघा प्राध्यापकांनी त्याच दुपारी बैठक घेतली. मुलगी पास झाली तर विभागात शून्य विद्यार्थी उरतील आणि विभाग बंद पडेल, हा विचार चौघांपैकी एकाच्याही मनात आला नाही (इतिवृत्तात चार वेळा नोंद). नियमच बदलावा असं ठरलं. पण नियम बदलण्याच्या नियमाला विभागातल्या किमान वीस विद्यार्थ्यांचे लेखी अर्ज लागतात. मुलीने रातोरात वीस अर्ज लिहिले. सगळ्यांचं अक्षर एकच दिसल्यावर सामूहिक कॉपीचा संशय आला आणि तिला वीस वेळा समज द्यावी लागली. एकोणिसाव्या वेळी तिला हसू फुटलं, मग रडू आलं. दोन्ही नोंदी केल्या.

शेवटी तोडगा काढला तो नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळणाऱ्या काकांनी. गुंडाळीवरची धूळ झटकता झटकता ते म्हणाले, "एवढा काय घोळ घालताय? हिच्यापेक्षा कमी मार्कांचं एक माणूस वर्गात बसवा, की झाली पोर पास."

विभागप्रमुखांनी कागदावर आकडेमोड केली. तिला एक्याण्णव, दुसऱ्याला समजा नऊ, सरासरी पन्नास, मुलगी एक्केचाळीस गुणांनी पुढे. चौघांनी टाळ्या वाजवल्या. काकांना मानद व्याख्याता करावं अशी सूचना आली आणि त्यांच्याकडे पदवी नसल्यामुळे बारगळली.

आता राहिला उमेदवार. परीक्षा सत्तावीस तारखेला, म्हणजे वेळ थोडा. काकांनाच बसवून पाहिलं, तर सराव चाचणीत पंचाण्णव मिळवून ते मोकळे झाले. तीस वर्षं नकाशे उलगडून गुंडाळत आलेला माणूस, त्यांचा तरी काय दोष! मुलीची आई बसायला तयार होती, पण मापात तिचा हात धरणारं कोणी नाही. धोका नको म्हणून तिलाही वगळलं.

म्हणून विद्वत्सभेने उमेदवाराची पात्रता ठरवून दिली. ती अशी: अंगी शहाणपण असावं, पण वापरायची सवय नसावी. समोर एका पोरीचं भलंबुरं घडत असताना त्याने ते आवडीने पाहावं, मधूनमधून हसावं, 'अहो, तो नियम एका ओळीत खोडून टाका ना!' असं एकदाही मोठ्याने म्हणू नये, आणि पुढे काय झालं या उत्सुकतेने शेवटपर्यंत वाचत राहावं. असं माणूस शोधायचं कसं, हा प्रश्न होता. त्यासाठीच हे निवेदन लिहून ठिकठिकाणी पाठवण्याची आज्ञा मला झाली.

आपण इथवर आलात. मनापासून अभिनंदन. आपला प्रवेश निश्चित झाला आहे. हजेरीपटावर मुलीच्या खाली आपलं नाव मी माझ्या हाताने लिहिलं आहे. सत्तावीसला सकाळी दहा वाजता यावं, पेन आपलं आणावं. उत्तरांची काळजी करू नये. आपल्यावर सगळ्यांचा पूर्ण भरवसा आहे.

एकोणतीसला मुलगी प्रमाणपत्र घेऊन जाईल. बाक सगळे मोकळे होतील, हवा तो घ्यावा. चारही प्राध्यापक आपल्या दिमतीला आहेत. पुढच्या खेपेला मन लावून अभ्यास करा. सरासरी नक्की वाढेल.