खोकल्यावर शिलाई

खोकला आला की काकू शिलाई मशीन सुरू करत. हा उपाय कुठल्या डॉक्टरांनी सांगितलेला नव्हता, काकूंनीच शोधून काढला होता. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन संपूनही तीन महिने होत आले, घर जरा कुठे श्वास घ्यायला लागलं, तर काकूंचाच श्वास अडायला लागला. जिना चढलं की धाप, बोलायला गेलं की कोरडा खोकला. कॅन्सर परत आला, असंच त्यांनी मनाशी धरलं. काकांना सांगायची मात्र हिंमत होईना.

काकांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल बाहेरच्या खोलीत, काकूंचं मशीन आतल्या खोलीत आणि मध्ये नुसता पडदा. उबळ आली की काकू मशीन दामटत. अडचण एवढीच, की मशीन चाललं म्हणजे त्याखाली काहीतरी शिवलं जाणारच. पहिल्या आठवड्यात घरातल्या चिंध्या संपल्या. मग हाताला येईल ते सुईखाली जाऊ लागलं. एका पँटचे दोन्ही पाय एकमेकांना जोडले गेले. उशीची एक खोळ चारही बाजूंनी बंद झाली आणि उशी बाहेरच राहिली.

त्यात काकांनी नवंच खूळ काढलं. मशीन सुरू झालं की ते रेडिओ मोठा करत.

"अहो, जरा हळू करा तो!"

"काय?"

"रेडिओ हळू!"

"ऐकू येत नाही, रेडिओ लागलाय!"

खालच्या मजल्यावरचे मास्तर दोनदा वर येऊन हात जोडून गेले. शुक्रवारी वकीलबाई आपला काळा कोट न्यायला आल्या. बाहीचं अस्तर उसवलं होतं, तेवढंच शिवायचं होतं आणि त्यांना अकराला कोर्टात उभं राहायचं होतं. उजवा हात सरळ गेला. डावा कोपराशीच अडकला.

"काकू, या बाहीला दुसरं टोकच नाही हो!"

काकूंनी ओढलं, वकीलबाईंनी ओढलं. हात ना आत जाईना, ना बाहेर येईना. काकूंना हसू फुटलं आणि हसण्यामागोमाग खोकला आला तो थांबेचना. मशीनपर्यंत जायलाही सवड मिळाली नाही. बाहेर रेडिओ तेवढा गरजला.

"किती दिवस आहे हा खोकला?" वकीलबाईंनी विचारलं.

"आत्ताच ठसका लागला."

"मी रोज साक्षीदार बघते, काकू. खरं काय ते सांगा."

काकूंनी ओढत धरलेली बाही सोडली. "परत आला असेल तर? वर्षभर ह्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता. आत्ता कुठे दुपारचे घोरायला लागलेत."

वकीलबाईंनी मोकळ्या हाताने कात्री उचलली, टाके उसवून दुसरा हात सोडवला आणि बाहेर जाऊन रेडिओ बंद केला. "काका, काकूंना दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता." काकांनी का म्हणून विचारलं नाही. सरळ उठून कपाटातली फाइल काढली.

दवाखान्यात एक्स-रे झाला, स्कॅन झाला. डॉक्टरांनी विचारलं, "खोकला कधीपासून?"

"झाले असतील चार दिवस."

"तेवीस," काका म्हणाले.

काकू त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला ऐकू येत होतं?"

"अगं, मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकून आयुष्य काढलं मी. पडद्याआडचा खोकला ऐकू येणार नाही? तू लपवत होतीस. मला कळलंय हे तुला कळू नये म्हणून रेडिओ लावायचो." काकांनी हातातली फाइल टेबलावर ठेवली. "आणि विचारायची भीती वाटत होती मला."

"दोघांनी मिळून आवाज केलात, पण आम्हाला फोन कुणीच केला नाही," डॉक्टर म्हणाले. "स्कॅनमध्ये कॅन्सर परत आल्याचं काही दिसत नाही. रेडिएशनमुळे फुफ्फुसाच्या थोड्या भागाला सूज आलीय. काही जणींना उपचार संपल्यावर काही महिन्यांनी होतं असं. गोळ्यांनी उतरेल. पण बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायच्या नाहीत, मी सांगेन तशा हळूहळू कमी करायच्या. आणि पुन्हा काही वाटलं तर त्याच दिवशी फोन."

बाहेर आल्यावर काकूंच्या डोळ्यांना धारा लागल्या. रडता रडता उबळ आली, तशी त्यांनी घाईघाईने रुमाल तोंडावर दाबून धरला. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली.

"खोक गं, मोकळेपणी खोक," काका म्हणाले आणि ओळख ना पाळख अशा एकेकाला गाठून सांगत सुटले, "सूज आहे हो! नुसती सूज आहे!"

मग मात्र काकू चांगल्या दणदणीत खोकल्या.