वांजुगू खाली आहे

करिथीने भिंतीवरून बायकोची तसबीर उतरवली, शर्टाच्या बाहीने काच पुसली आणि तो ती एका जुन्या शालीत गुंडाळू लागला. चुलीपाशी बटाटे सोलत बसलेल्या वमाइथाचा, म्हणजे त्याच्या थोरल्या मेव्हणीचा हात तिथेच थांबला.

"कुठे निघालात, भावजी?"

"न्याहुरुरूला. धबधब्यावर."

"हिला घेऊन?"

"हिलाच दाखवायचाय."

वांजुगूला जाऊन वर्ष झालं होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्यापाशी एकच हट्ट धरला होता. एकदा दोघांनी धबधब्यावर जायचं, कठड्याशी उभं राहून जोडीने फोटो काढायचा. मटाटूच्या छोट्या बसमध्ये बसलं की पाऊण तासाची वाट. पण करिथीला कधी गाय व्यायला झालेली असे, कधी बटाट्याला माती लावायची असे, आणि काहीच नसलं तर पाऊस येईलसं वाटे. "धबधबा काय पळून जातोय?" असं तो म्हणायचा. मग चार दिवसांच्या तापाने वांजुगूच गेली. दफनाच्या दिवशी करिथी रडला नाही. आलेल्या प्रत्येकाला चहा मिळाला का, एवढंच विचारत हिंडला. त्यानंतर त्याचं जेवण निम्म्यावर आलं आणि बोलणं त्याच्याही खाली. म्हणून वमाइथा अधूनमधून येऊन राहायची.

"तसबिरीला कसला आलाय धबधबा?" ती म्हणाली. "कबरीवर चार फुलं ठेवा नि मोकळे व्हा."

"तू नको येऊस."

"येते की. एकटं कसं सोडू तुम्हाला?" असं म्हणत तिने घाईघाईत कोट चढवला, तोही उलटा.

सुट्टीचा दिवस असल्यामुळे धबधब्यावर ही गर्दी होती. झाडाखाली निळे रुमाल बांधलेल्या चर्चच्या बायका डबे सोडून बसल्या होत्या. त्यांच्याकडे नजर जाताच वमाइथा तोंड फिरवून मक्याची भाजलेली कणसं घ्यायला गेली. करिथीला माचारिया नावाचा फोटोवाला सापडला. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता आणि हातातल्या काठीवर रंग बदलणारा एक हिरवा सरडा बसलेला होता.

"गुका, इकडे कठड्याला टेका," माचारिया म्हणाला. तिथे कुठल्याही म्हाताऱ्याला गुकाच म्हणतात, आजोबा. "तसबीर छातीशी धरा. हां. आता जरा हसा."

"कशाला?"

"फोटोत सगळे हसतात."

"ती हसतेय. तेवढं पुरे."

माचारियाला फोटो उदास वाटला. त्यात थोडी गंमत यावी म्हणून त्याने न विचारताच सरडा उचलून करिथीच्या खांद्यावर ठेवला. पाहुण्यांना ते आवडायचं. पण करिथीच्या वयाची माणसं त्या प्राण्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. 'माणसं मरणार नाहीत' हा देवाचा निरोप त्याच्याकडे दिला होता म्हणतात. पठ्ठ्या वाटेत रेंगाळला, पोचल्यावर बोलताना चाचरला, आणि मागून उडत आलेल्या पाखराने उलटाच निरोप सांगून टाकला. तेव्हापासून माणसं मरतात.

कानाजवळ काहीतरी वळवळलं म्हणून करिथीने मान वळवली. एक गोल डोळा त्याच्याकडे बघत होता आणि दुसरा आभाळाकडे. करिथी किंचाळून दोन्ही हातांनी खांदा झटकू लागला. सरडा गवतात पडला. तसबीर कठड्याखालून निसटली, उतारावरून घसरत गेली आणि तीन हात खाली एका झुडपात अडकली. त्याच्या पलीकडे सरळ कडा होता.

"वांजुगू!" करिथी ओरडला आणि त्याने एक पाय कठड्यापलीकडे टाकला.

नेमकी त्याच वेळी वमाइथा कणीसवालीला सांगत होती, "जेवत नाहीत, बोलत नाहीत. एखाद्या दिवशी जिवाचं काही करून घेतील, अशी धास्ती वाटते बघ." हाक ऐकून ती वळली आणि तिला कठड्यावर चढलेला भावजी दिसला. तिच्या हातातली कणसं गळून पडली.

"धरा! धरा त्यांना!"

पहारेकऱ्याने धावत येऊन करिथीचा पट्टा धरला. चर्चच्या बायकांची पुढारी गथोनी ही बटाट्याचं पोतं एकटी उचलणारी बाई. तिने काखेत हात घालून त्याला अलगद अलीकडे घेतलं.

"सोडा मला! वांजुगू खाली आहे!"

"कोण वांजुगू?" पहारेकऱ्याने विचारलं.

"माझी बायको!"

"अहो, बायको जाऊन वर्ष झालं त्यांची," वमाइथा रडत म्हणाली. गर्दीतून एक मोठा सुस्कारा निघाला.

"गुका, ती खाली नाही. वर आहे, देवाजवळ," गथोनी समजुतीने म्हणाली.

"वर नाही हो, खाली! झुडपात अडकलीय! दोन मिनिटं जाऊ द्या, घेऊन येतो."

"सगळे असंच म्हणतात," पहारेकरी म्हणाला आणि त्याने पट्टा आणखी घट्ट धरला.

खरा प्रकार एकट्या माचारियाला ठाऊक होता. पण तो चार पायांवर रांगत गवत चाचपत होता. "माझा सरडा तुडवू नका हो!" यापलीकडे त्याच्या तोंडून काही निघत नव्हतं.

बायकांनी करिथीला मधोमध बसवलं. एकीने रुमाल सोडून त्याचा पाय कठड्याच्या खांबाला बांधला. मग गथोनीने गाणं धरलं. योगायोग असा, की वांजुगूला मातीत उतरवताना म्हटलेलंच ते गाणं होतं. करिथी पहिल्या कडव्यापर्यंत धडपडला. दुसऱ्या कडव्याला त्याची हनुवटी थरथरू लागली. तिसऱ्याला तो गथोनीच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडू लागला.

"आणलं नाही मी तिला," तो हुंदक्यांत म्हणाला. "एकदासुद्धा नाही. एवढंसं मागणं होतं."

"रडा, गुका, रडा," गथोनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. वमाइथा काहीतरी सांगायला पुढे झाली.

तेवढ्यात सरडा सापडला. माचारिया गुडघे झटकत उठला, करिथीचा बांधलेला पाय बघून चक्रावला आणि म्हणाला, "असं का करताय? त्यांच्या बायकोचा फोटो पडलाय खाली. तो बघा, झुडपात."

गाणं अर्ध्या ओळीत थांबलं. पहारेकऱ्याने खाली वाकून बघितलं, मग रिकाम्या बाटल्या ओढायची आकडीची काठी आणली आणि तसबीर वर काढली. काचेला तडा गेला होता. गथोनीने ती पदरासारख्या घेतलेल्या कापडाने पुसली आणि डोळ्यांजवळ नेली.

"अगं बाई! ही तर वांजुगू!"

"मघापासून दुसरं काय सांगतोय मी?" करिथी नाक पुसत म्हणाला.

"तसं नाही हो. ही आमची वांजुगू! दर ऑगस्टात यायची. पहिल्यांदा एकटीच बसलेली दिसली, म्हटलं ये आमच्यात. सहा वर्षं आमच्या डब्यातलं जेवली. नवरा कुठेय विचारलं, की म्हणायची, पुढच्या खेपेला येतोय. आम्ही आपसांत म्हणायचो, हिला नवराच नसणार! गेल्या ऑगस्टात आली नाही. वाटलं, नेलं असेल नवऱ्याने कुठे लांब. मोम्बासाला वगैरे."

करिथी सावकाश मेव्हणीकडे वळला. "ऑगस्टात ती तुझ्याकडे बटाटे काढायला यायची."

"यायची ना," वमाइथा कोटाची उलटी शिवण चाचपत म्हणाली. "सकाळी पिशवी टाकायची नि इकडे पळायची. कुणाला सांगू नको म्हणाली होती."

"धबधबा सहा वेळा बघून झाला होता, तर मला कशाला म्हणत राहिली?"

"मीही तेच विचारलं होतं. म्हणाली, 'अगं, धबधबा बघितलाय. आमचे हे घरातून उठतात का, ते बघतेय.'"

पहारेकऱ्याने वाकून करिथीच्या पायाची गाठ सोडली.

"कुठे उभी राहायची ती?" करिथीने विचारलं.

"कठड्याशी? छे! खोलीची भीती वाटायची तिला," गथोनी म्हणाली. "दिवसभर पाणघोड्यांपाशी बसायची. चला, दाखवते."

नदीच्या वरच्या अंगाला दलदल होती. सगळा घोळका चिखल तुडवत तिकडे गेला. पाण्यात काळ्या खडकांसारखी डोकी दिसत होती.

"तो कडेचा बघा, एकटा. तो तिचा लाडका. त्याला तिने करिथी नाव ठेवलं होतं."

"माझं नाव?"

गथोनीने जीभ चावली. "अहो, आम्हाला काय ठाऊक, कुणाचं ते! 'आज करिथीने कान हलवला गं,' म्हणून टाळ्या पिटायची."

"एवढा लठ्ठ आहे मी?"

"लठ्ठ म्हणून नाही हो," वमाइथा हळूच म्हणाली.

करिथी ओल्या गवतात बसला. तसबीर त्याने पाण्याकडे तोंड करून गुडघ्यावर टेकवली. बराच वेळ काही घडलं नाही. बायका कुजबुजत होत्या. वमाइथाने दोनदा शेवटच्या मटाटूची आठवण करून दिली. मग त्या पाणघोड्याने डोकं वर काढलं, टोपलीएवढा जबडा उघडून जांभई दिली आणि तो सबंधच्या सबंध पाण्याखाली गेला. बायकांनी हसून टाळ्या वाजवल्या.

"चला आता," वमाइथा म्हणाली.

"थांब जरा." करिथीची नजर पाण्यावरून हलत नव्हती. "कुठे वर येतो, ते बघू दे."