आधी सॉना, मग घर

आयलीनं हातमोजे घालून कॉफी ओतली, तेव्हाच तिच्या नवऱ्यानं, रेइनोनं ओळखलं की आता आपली खैर नाही.

"तुझा बंब बाहेर आग ओकतोय आणि इथे माझं लोणी दगड झालंय," ती म्हणाली. "उद्या ताई येतेय. घर उबदार असलं तर हिवाळाभर राहील. नाहीतर मंगळवारी चालली फ्लोरिडाला, मुलाकडे. मला ती हवीय, रेइनो."

"उद्यापर्यंत घर नुसतं रसरसेल बघ!"

हाती घेतलेलं काम रेइनोनं सहासष्ट वर्षांत कधी अर्धवट सोडलं नव्हतं. सुपीरियर सरोवराच्या त्या सगळ्या काठाला हे ठाऊक होतं, कारण तो स्वतःच सांगत असे.

नवा बंब अंगणात उभा होता, पत्र्याच्या खोपटासारखा. आत लाकडं जळायची, पाणी तापायचं आणि जमिनीखालच्या नळ्यांतून घराकडे निघायचं. निघायचं उकळत, पोचायचं कोमट. रेइनोनं आच वाढवली. आठवड्याची बर्चची लाकडं संध्याकाळपर्यंत संपली, घर होतं तसंच. शनिवारी त्यानं ओला मेपल कोंबला आणि लाकडं पुरवून जळावीत म्हणून हवेची झडप आवळली.

मग धूर निघाला. पांढरीशुभ्र मेंढरं कुणी सरोवराकडे हाकत न्यावीत, तसा कुरणावरून चालत निघाला. त्याच धुरातून इम्पीताई खोकत, बॅग ओढत अंगणात आली आणि तिच्या मागोमाग आली गावची अग्निशामक गाडी. गाडीवर शेजारचा उर्हो, डोक्याला शिरस्त्राण.

"कुठंय आग? घर जळतंय कुठं?" तो ओरडला.

"जळलं असतं तर ऊब तरी मिळाली असती!" दारात उभी राहून इम्पी म्हणाली. घरात पाऊल टाकून ती तशीच उलट बाहेर आली होती. "आयले, इथे राहतेस की नुसती तग धरतेस?"

उर्हो डोळे चोळत अंगणभर हिंडला आणि सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या लाकडी खोपीपुढे थबकला. गावातली सगळी छपरं बर्फानं पांढरी होती. हे एकच कोरडं, काळं.

त्यानं दार उघडलं. आतून उन्हाळा बाहेर आला.

"रेइनो, नळी आधी इकडे आणलीस?"

"मग आणखी कुठे आणणार?" रेइनो खरोखर चकित झाला. "सॉनाला तीन वेढे, मग घर. आपल्या फिनिश लोकांत आधी सॉना बांधतात, त्यात राहून मग घर. आजोबांनी तसंच केलं."

"ते बरोबरच आहे म्हणा," उर्हो म्हणाला.

"आजोबांची नातसून गारठून मरतेय!" इम्पीनं बॅग उचलली आणि थेट सॉनाच्या बाहेरच्या खोलीत नेली. "आयले, तुझी गादी आण. आणि रेइनो, ऐकून ठेव. हा बंब धड होईपर्यंत मी हिला सोडून हलायची नाही. झाला की त्याच दिवशी जाते."

दोघी बहिणी सॉनात राहायला गेल्या. रेइनो घरात तीन पांघरुणं घेऊन झोपला.

सोमवारी सकाळी त्यानं सॉनाच्या भिंतीलगतची माती उकरली आणि त्याला हसूच आलं. जोडावर एक व्हॉल्व्ह होता, त्यानंच बसवलेला आणि विसरलेला. अर्धा फिरवला की गरम पाणी थेट घराकडे. त्यानं पाना लावला.

आत गाणं चाललं होतं. दोघींच्या आईचं, लोणी घुसळतानाचं. एक ओळ आयलीला आठवायची, पुढची इम्पीला; मधली कुणालाच नाही, तिथे दोघी हसत सुटायच्या. आई गेल्यापासून आयली अशी हसल्याचं रेइनोला आठवत नव्हतं.

"मिळाला की व्हॉल्व्ह!" मागून उर्हो आला. "फिरव अर्धा, झालं काम."

रेइनोनं पाना काढला, खिशात घातला आणि व्हॉल्व्हवर पुन्हा माती लोटली.

"नाही जमत," तो म्हणाला. "जमीन गोठलीय. आता बर्फ वितळल्यावर बघू."

उर्होनं मातीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे हरलास?"

"हरलो."

"गावभर सांगीन हं."

"सांग," रेइनो म्हणाला, "पण जरा हळू बोल. त्या गातायत."