सज्जन मांत्रिकाची कांदा लागवड

रविवारी मी लेकीबरोबर खेळायला बसलो, इथंच चुकलं. ज्ञानेश्वरी पुण्याहून सुट्टीला आलेली. तिच्या त्या खेळात आपण कागदावर दुसरंच कुणीतरी व्हायचं, फासे टाकायचे आणि नुसत्या तोंडानं पराक्रम करायचे (हे मला कचेरीत बावीस वर्षं जमतंय). मी मांत्रिक झालो. कागदावर स्वभावसुद्धा लिहावा लागतो म्हणे. मी टपोऱ्या अक्षरात ‘सज्जन’ लिहिलं. आमच्या सौभाग्यवती, सुकन्या, लसूण सोलता सोलता हसल्या.

खरं तर माझं निम्मं लक्ष मळ्यात होतं. कांद्याचं रोप जुनं होऊन लोळायला लागलेलं, आणि अख्ख्या पारनेर तालुक्यात लागवडीला बायका मिळेनात. लंकाबाईची टोळी कशीबशी सोमवारचं कबूल झाली होती. ती आली नाही तर एकरभर रोप शेळ्यांपुढं टाकायचं.

खेळात राजानं मला रिकामं रान इनाम दिलं.

“पप्पा, आता काय करणार?”

“मसणवट्यातले वीस मेलेले मंत्रानं उठवतो आणि कांदे लावून घेतो. त्यांना आणायला जीप नको, चहा नको, दुपारची सुट्टी नको.”

ज्ञानेश्वरीनं ‘सज्जन’ खोडून ‘दुष्ट’ लिहिलं.

“अगं, मी कुणाला मारलं का? उलट उठवलंय.”

“व्हय, पन जेवू घातलं का?”

दारात लंकाबाई उभी. उद्याची वेळ ठरवायला आली होती आणि सगळं ऐकून बसली होती. मी फासे टाकून धडपडत उठलो.

“मावशी, हा खेळ आहे हो.”

“खेळातच मानूस खरं बोलतं, भाऊसाहेब. आमी न्हाई येत उद्या. बोलवा तुमच्या मेलेल्यांना.”

मी हातापाया पडायच्या बेतात होतो. सुकन्यानं दुधाचा चहा टाकला, तिला बसवलं, समजूत घातली. शेवटी लंकाबाई एका अटीवर वळली: “यांनी बी आमच्यासंगं वाफा लावायचा.”

“रजा टाकतील,” सुकन्यानं परस्पर सांगून टाकलं.

सोमवारी वाकलो. दहा वाजेपर्यंत कंबर गेली. जेवणानंतर लंकाबाईनं माझी अख्खी ओळ उपटली आणि पुन्हा लावली. दिवस मावळता एकर मात्र पुरा झाला. रोप वाचलं, जीव भांड्यात पडला.

ज्ञानेश्वरी कागद घेऊन बांधावर आली. “मावशी, पप्पा दिवसभर राबले. आता परत ‘सज्जन’ लिहू का?”

लंकाबाईनं माझ्या वाफ्याकडं नीट बघितलं.

“सज्जन नगं, अन् दुष्ट बी नगं. दुष्टाला काय तरी यावं लागतं. लिही, बिनकामाचा.”

पोरीनं तसंच लिहिलं, आणि सुकन्यानं खाली साक्षीदार म्हणून सही केली.